खालचा ऑगस्ट

भालचंद्र टपक्यांनी डिस्क हातात दिली
पापलेट तोलून बघावं तशी, जरा संशयानं.
"हिच्यात मे हाय, सप्टेंबर हाय," म्हणाले,
"मधला ऑगस्ट खंय गेला गो?"
जून-जुलैत तर होड्याच शाकारलेल्या,
त्यांचं कुणी विचारत नाही.

वेसाव्याला, बर्फाच्या गोदामावर सोसायटीचं ऑफिस.
खाली लादी फोडली की वर टेबल हलतं.
जाळी सांधणाऱ्यांत बोलणं सुरू झालेलं:
डिझेल, बर्फ, सोळा दिवस.
सेक्रेटरीनं ऑगस्ट खाल्ला.
रविवारी सभा.

लिनक्स मीच बसवलेलं, विंडोजला पैसे कोण मंजूर करणार?
केबल जोडली. निळा दिवा लागला,
पडद्यावर काही नाही.
यादी मागितली: मशीनची स्वतःची डिस्क,
तिचे दोन भाग, बस्स.
कर्नलची रोजनिशी उघडली, शेवटची ओळ सकाळची.
मग लक्षात आलं, ही केबल काकांच्या मोबाईलची,
हिच्यातून वीज वाहते, अक्षर नाही.

दुसरी केबल. आता नाव आलं, एसडीबी-वन.
माउंट म्हटलं, तर म्हणे
वाचू देईन, लिहू देणार नाही.
लोखंडवालातल्या ऑडिटरनं आपल्या विंडोजमधून
निरोप न घेता उपटली असणार.
अशी डिस्क रुसून बसते,
अर्धवट राहिलेलं तिला आठवत राहतं.
ती गाठ सोडवली. पुन्हा माउंट.
मे.
सप्टेंबर.
काका खिडकीशी, पाठमोरे.

काढून ठेवावी म्हणून अनमाउंट केलं.
नकार: आत कुणीतरी आहे.
कोण आहे ते शोधलं, तर मीच होते,
त्याच फोल्डरमध्ये उभी राहून
त्यालाच रिकामं व्हायला सांगत होते.

बाहेर आले. डिस्क सुटली.
आणि नुसत्या सवयीनं
रिकाम्या फोल्डरची यादी मागितली.

सोळा फायली.

ऑगस्टात केबल ढिली होती, डिस्क लागलीच नव्हती.
माझी स्क्रिप्ट मात्र रोज रात्री दहाला
सांगितल्या जागी हिशोब ठेवत गेली.
फोल्डर काय, कुणालाच नाही म्हणत नाही.
सप्टेंबरात कुणीतरी केबल दाबली, मशीन बंद करून चालू केलं,
डिस्क येऊन त्याच जागेवर बसली
आणि ऑगस्ट तिच्या खाली.
पुसला नाही, हलला नाही,
फक्त दिसायचा थांबला.
ती ऑडिटरकडे गेली ते चार दिवस
तो उघड्यावर पडला होता.
आमच्यातलं कुणी डोकावलं नाही.

काकांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.
"छाप," एवढंच.
मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली:
आधी बघ, डिस्क जागेवर आहे का, मग लिही.
दोन महिने उशिरा.

रविवारी ऑगस्ट वाचून दाखवला, विषय क्रमांक सात.
कुणी जांभई दिली. चहा आला.
मी उठले, म्हणाले, चूक माझी होती.
इतिवृत्तात लिहिलं गेलं: यंत्रदोष.