पावती क्रमांक दोनशे सतरा

दिवाळीचा फराळ संपायच्या आत पहिली जीप यायची.
विजापूर वेशीत, फ्रेमवाल्या बोल्लींच्या शेजारी,
नदाफमामूंच्या दुकानासमोर
मागचं फळकूट धाडकन पडायचं
आणि मी वहीचं नवं पान उघडायचो.
नाव. गाव. जनावर. आगाऊ.
मग पेन्सिलीनं, बारीक: तोंड उघडं की मिटलेलं.
उघड्याचे पंधरा रुपये जादा.
बहुतेक लोक पंधरा रुपये द्यायचे.

काळविटानं जन्मात कुणावर दात विचकले नव्हते,
पण होटगीच्या कंत्राटदाराला ते चिडलेलंच हवं होतं.
मामू म्हणाले, "हरिण आहे साहेब.
चिडलं तर पळतं."
कंत्राटदार म्हणाला, मग पळायच्या आधीचं करा.

मामूंचं घराणं पिंजाऱ्यांचं,
गाद्या भरणारे हात.
गिरणीतलं वेस्ट सूत मी पोत्यानं आणायचो.
तिथेच माझा बाप तिसऱ्या पाळीला उभा असायचा;
त्याच्या साच्यावर तुटलेला धागा
लांडग्याच्या मानेत जाऊन बसायचा.
बापाला हे मी कधी सांगितलं नाही.
आई माझा सदरा वेगळा भिजवायची.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तर
पाय ठेवायला जागा नसायची.
माळ्यावर मिठात कातडी, मागं तुरटीचं पाणी,
सोमलाच्या बरणीची किल्ली माझ्या करगोट्याला,
भिंतभर शिंगं, आणि शिंगांना, नाइलाजानं, आमचे डबे.
चिठ्ठी सुटली की जनावर बेवारस.
एकदा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली:
वकिलाचं हरिण डॉक्टरांच्या दिवाणखान्यात गेलं.
दोघंही येऊन सांगून गेले,
हुबेहूब हो, नजर तीच.
नजर मुंबईहून यायची,
डझनावारी, कापूस घातलेल्या डबीत.

एका फेब्रुवारीत डोळेच संपले.
तार केली. उत्तर नाही.
एकोणीस मुंडकी आंधळी टांगलेली
आणि गिऱ्हाईक दारात:
लग्न आहे, बदली आहे, कलेक्टर जेवायला येणार आहेत.
मी प्रत्येकाला उद्या म्हणायचो.
खरं सांगू, त्या दिवसांत मला दुकानात बरं वाटायचं.
कुणी बघत नव्हतं.

माळढोक एकदाच आला.
मामूंनी तीनदा मान बसवली, तीनदा उसवली.
मग सायकल काढून नान्नजच्या माळावर गेले,
दिवसभर गवतात पालथे पडून राहिले.
रात्री पायजम्याची कुसळं काढत म्हणाले,
"मान हाडात नाही रे चिलका. चालण्यात आहे."
आगाऊ परत केला.
वहीत काय लिहावं ते सुचेना.
लिहिलं: जमलं नाही.
बाराशे नोंदींत तेवढी एकच.

बाहत्तरला कायदा आला, आणि त्याच साली पाणी गेलं.
दोघांपैकी कुणी आमची फळी आधी लावली, आठवत नाही.
मामू पुन्हा गाद्या भरू लागले.
टाके घालायच्या आधी तळव्यानं चाचपायचे,
कापसात पाठ कुठे आहे ते.

वही माझ्याकडे राहिली.
परवा एक जण आला, केस पिकलेले, हातात पावती:
दोनशे सतरा, चिंकारा, नर, बाकी अकरा रुपये.
"वडिलांच्या पाकिटात होती."
मी पान काढलं.
म्हटलं, कसर लागली होती,
वनखात्याचा माणूस उभा करून जाळलं.
तो ऐकत नव्हता.
पेन्सिलीच्या एका शब्दावर बोट ठेवून बसला होता.
"मिटलेलं का सांगितलं असेल?
घरात तर सतत ओरडायचे."
मी म्हटलं, पंधरा रुपये वाचवले असतील.
तो हसला नाही.

जाताना टेबलावर अकरा रुपये ठेवून गेला.
मी हाक मारणार होतो.
पण हात आधीच वहीकडे गेला होता,
जुन्या सवयीनं:
बाकी निरंक.
खाली सही, आणि आजची तारीख.