नऊचा सहा

कॉर्नवॉलच्या या टोकाला फेब्रुवारीत
वारा समुद्रावरून आडवाच येतो.
पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या टेबलावरचे कागद
चहाच्या मगाखाली दाबून ठेवावे लागतात.
मी टॅम्सिन. ते फुलं तोडतात,
मी त्यांचे तास मांडते.

डॅफोडिल उमललेलं कुणी तोडत नाही.
उमललं की वाया गेलं.
हिरवी, मिटलेली कळी, दहांची जुडी, एक रबर,
उमलायचं ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या टेबलावर.
देठातून चीक गळतो,
मनगटापर्यंत खाज, मग भेगा, मग त्या भेगांत पुन्हा चीक.
बुरुल हातमोजे काढून दाखवते
आणि हसते,
जणू दुसऱ्याच कुणाचे हात आणलेत दाखवायला.

काल धुकं होतं. कळ्या जमिनीतून
जेमतेम बोटभर वर.
नऊ तास वाकून बुरुलच्या जुड्या झाल्या एकशे ऐंशी,
स्टोयांकाच्या त्याहून कमी,
एर्मेक तर अर्धा दिवस चिखलातून ट्रॉली ओढत होता,
त्याच्या जुड्या कोण मोजणार?

कायदा म्हणतो, जुड्यांचे पैसे कमी पडले
तर तासांचा हिशोब धर,
आणि उरलेलं मालकानं भरून दे.
मालक म्हणतात, "हे नऊ कुठून आले?
फुलं तर सहाच तासांची दिसतायत."
आणि कागद माझ्याकडे सरकवतात.

वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या मयताला
भर पावसात उभा होता.
सुपरमार्केटवाले त्याला पिळतात, खरं आहे.
डिझेल महाग, खरं आहे.
"मी कुणाला पिळू, सांग ना टॅम्सिन?"
असं तो विचारतो, आणि शेडमध्ये
उत्तर चिखलाचे बूट घालून
रांगेत उभं असतं.

आई याच शेतात कोबी कापायची.
तेव्हा शनिवारी मालकाच्या बापाचा चेहरा बघून कळायचं,
आठवडा किती दिवसांचा होता.
चेहरा बरा असेल तर साडेपाच,
नसेल तर चार.
घरी येऊन ती नाणी दोनदा मोजायची,
दुसऱ्यांदा वाढतील म्हणून.

आता लोक म्हणतात, किमान वेतन काढून टाका,
माणूस आणि मालक आपसात ठरवतील.
आपसात!
सहा महिन्यांचा व्हिसा, मालकाचाच कॅराव्हॅन,
त्याचं भाडं पगारातूनच कापलेलं,
आणि समोर खुर्चीवर तो.
बुरुलनं काय ठरवायचं आपसात?
किमान म्हणजे काही मेजवानी नव्हे हो.
किमान म्हणजे पायाखालची फरशी.
फरशीवर कुणी नाचत नाही रोज,
पण ती काढली
की घरातला सगळ्यात हलका माणूस आधी खाली जातो.

मालक गाडीत जाऊन बसलेत. इंजिन चालू आहे.
पेन माझ्या हातात.
काम सोपं आहे, खोडरबरसुद्धा लागत नाही,
नऊ हा आकडा असा आहे आमचा,
नुसता उलटा धरला की सहा.

बुरुलला आत बोलावलं. विचारलं, किती?
तिला वाटलं तिची चूक झाली.
बोटांवर मोजलं तिनं,
सकाळचा अंधार एक बोट,
डब्याची पंधरा मिनिटं अंगठ्यानं दाबून वजा,
मग पुन्हा बोटं, पुन्हा बोटं,
आणि एक बोट उरलं.
"नऊ," म्हणाली. हळू. विचारल्यासारखं.

पुढच्या सोमवारी या टेबलावर
कोण असेल ते माहीत नाही.
माझंही भाडं आहे. मुलाचे दात आहेत.
तरी आकड्यावर माझा विश्वास उरला नाही म्हणून
चेकवर लिहितात तसं लिहिलं,
अक्षरी:
नऊ तास फक्त.

तिनं सही केली.
चिकाचा डाग पडला कागदावर, हिरवट,
पुसला नाही मी.
बाहेर हॉर्न वाजतोय.