गुंजभर डाग

धूर काळा.
म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.
आणि अस्मारात हवा तशीही कमीच;
समुद्रापासून साडेसात हजार फुटांवर
पाहुण्याला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं.

किब्रेआब म्हणाले, प्लग बदल.
बदलले. चार दिवसांत पुन्हा काजळी.
शेजारचा झेराय म्हणाला, पॉइंट बघ.
कॉफीच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, विका आता.
निदान प्रत्येकाकडे होतं,
पाना एकाकडेही नव्हता.

एकसष्ट सालची फियाट अकराशे,
रंग कधीकाळी पिस्त्याचा.
चालवायच्या लेतेकिदान.
किब्रेआब शेजारी, मांडीवर औषधांची पेटी.
त्या गेल्यापासून हे चालवायला शिकले, सत्तरीत,
आणि गाडीची प्रकृती तोळामासा झाली.
सकाळी सुरू होते, दुपारी रुसते,
तीही कॅथेड्रलसमोर, सगळ्यांदेखत.

मी कार्ब्युरेटर उतरवला.
एक स्क्रू गंजलेला. त्याच्यापायी अर्धा तास,
व्हिनेगर, आणि आईनं न शिकवलेले काही शब्द.
वाडग्याच्या तळाशी लाल गाळ.
जेट एकेक करून उजेडाकडे धरले:
सुईच्या अग्राएवढं आभाळ दिसलं
की भोक मोकळं.
तार घालायची नाही, बाबांनी दटावलेलं.
वाढलेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

मग फ्लोट.
कानाशी धरून हलवला.
आत डुचमळलं.
ज्यानं तरंगायचं
त्याच्याच पोटात पेट्रोल.

पाणी तापवलं, शेगडी दाराबाहेर ठेवून आले,
चिमट्यानं फ्लोट बुडवून धरला.
शिवणीपाशी एक बुडबुडा.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

डाग द्यावा लागेल, म्हटलं.
किती जड? किब्रेआबनी विचारलं.
औषधवाल्याचा प्रश्न. मला हसू आलं नाही.
डागानं भोक बुजतं, पण कथलाला वजन असतं;
फ्लोट तेवढा खोल बसतो,
सुई तेवढी उशिरा मिटते,
पेट्रोल तेवढं वर चढतं,
आणि दुरुस्तीतूनच निघतो पुन्हा काळा धूर.

ते उठून घरी गेले.
दुकान भाच्याला दिलं होतं, तराजू दिला नव्हता.
मखमलीच्या खाचांत वजनं, लहानात लहान
नखाच्या कातरणाएवढं.
कोरडा फ्लोट तोलला, आकडा हातावर लिहिला.
डाग दिला. तोलला. ते म्हणाले, फार.
कानस मारली. अजून फार.
सूर्य झेरायच्या पत्र्यावर गेला तेव्हा
उरला होता ग्रॅमचा आठवा हिस्सा,
गुंजभर.
एवढ्याचं काय?
एवढ्यासाठी जीभ वाकवते, म्हटलं,
आणि फ्लोटची पितळी जीभ
केसभर वाकवली.

गॅस्केट बाजारात नाही, सहा महिने.
त्यांनी उधारीच्या वहीचा पुठ्ठा पुढे केला.
आतल्या बाजूला लेतेकिदान यांच्या अक्षरात
एक बेरीज, हातचा वर लिहिलेला.
माझी कात्री थांबली.
काप, म्हणाले.
ती पूर्ण केलेली नाही.
बेरीज दोन झाकणांमध्ये गेली,
वर चार स्क्रू, गंजलेल्याच्या जागी नवा.

स्टार्टर. काही नाही.
वाडगं रिकामं, भरू दे.
पुन्हा. खोकली.
तिसऱ्यांदा इंजिन लागलं
आणि मी मागे जाऊन नळीपुढे पांढरा कागद धरला.
करडा. बरा.

किब्रेआब सवयीनं उजव्या दाराशी गेले,
पत्नीच्या शेजारच्या जागेकडे,
आणि हँडल धरून थांबले.
बसा, म्हटलं. आज मी चालवते.

कॅथेड्रलसमोर एकदा शहारली.
मी उतरले, बॉनेट उघडलं,
स्क्रूला पाव फेरा दिला. मागच्या बसनं हॉर्न.
परत येऊन बसले तर गाडी उभ्या जागी
एकसारखी धडधडत होती,
आणि त्यांच्या मांडीवरच्या पेटीत
दोन्ही पारडी
तिच्या ठेक्यात किणकिणत होती.