छाट

शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं कंडक्टरनं,
निपाणी ते बेळगाव.
संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली,
आधारकार्ड अजून माझ्या मुठीतच,
जणू उतरतानाही कुणी विचारेल
तू नक्की कुठली म्हणून.

सिव्हिलमधल्या त्या दारावर कानडी पाटी.
शिवलीला सिस्टरनं वाचून दाखवली: गर्भकंठ.
तुमच्यात काय म्हणतात?
आमच्यात म्हणतच नाहीत, मी म्हटलं.
मग आठवून: पिशवीचं तोंड.
ती हसली.
कानडीत गळा, मराठीत तोंड,
म्हणजे बाईनं गिळायचंच की, मावशी.

मागच्या महिन्यात निपाणीत तपासलं
तेव्हा आत व्हिनेगर लावलं होतं.
वास ओळखीचा,
स्टँडवरच्या गोबी मंच्युरीच्या गाड्याचा.
एक मिनिट थांबा, म्हणाली होती ती पोर,
डाग असला तर पांढरा होऊन दिसतो.
चौदा वर्षं मी दडवते आहे.
गोळ्या डाळीच्या डब्यात, कार्ड गादीखाली,
जावेला सांगितलंय बी.पी. आहे.
आणि हा डाग
एका मिनिटात व्हिनेगरला कबूल झाला.

कॅन्सर नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कॅन्सरच्या आधीचं आहे.
एचआयव्ही असला की हे भरभर चालतं.
आधीचं म्हणजे किती आधीचं?
अंगणात तंबाखू वाळत असतो
आणि चिकोडीकडून आभाळ काळं होतं,
तेवढं?
त्या थांबल्या. तेवढंच, म्हणाल्या.
आज ताडपत्री ओढायची.

डाग आत घुसलाय, नुसत्या शेकानं भागायचं नाही.
तारेचं कडं दाखवलं. नखाएवढं.
बावीस वर्षं मांडीवर सूप घेऊन
पत्र्याच्या मापानं पान कापणाऱ्या बाईला
तारेचं काय भय?
खोका, म्हणाल्या, आणि खोकल्यात सुई टोचली.
मग धूर.
एक मशीन घरघरत तो ओढून घेत होतं
तरी आला वास नाकाशी.
जन्मभर लोकांच्या धुराची पानं वळली,
हा माझा.

कारखान्यात हजार बिड्या मोजून दिल्या
की चेकर शंभर-दीडशे बाजूला सारतो.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही,
आणि संध्याकाळी तीच छाट
कुठल्या बंडलात जाते ते आम्हाला ठाऊक आहे.
म्हणून टेबलावर पडल्यापडल्या विचारलं,
काढलेलं कुठं जातं?
सिस्टरनं बाटली उजेडात धरली.
चिंचोक्याएवढं काहीतरी.
वर पूर्ण नाव: शेवंता बाळाप्पा घस्ते.
बाळाप्पा जाऊन चौदा वर्षं झाली,
अजून चिकटलेला.
हे तपासायला पाठवणार, ती म्हणाली,
कडेला काही उरलंय का बघतील.
छाटही तपासतात म्हणे इथं!

महिनाभर जड उचलू नका.
पाणी जाईल, घाबरू नका. रक्त जास्त गेलं तर या.
सहा महिन्यांनी याच,
मग दर वर्षी. गोळ्या चुकवू नका.
मी बरी झाले का, सिस्टर?
बरं वगैरे नंतर बघू, तुम्ही वेळेत आलात.
होगी बर्री, मावशी.
जाऊन या.

परतीच्या बसमध्ये जावेचा फोन.
बी.पी. काय म्हणतंय?
उतरलंय, म्हटलं.

संकेश्वरला ती चढली.
चिकोडीला गोळ्यांच्या रांगेत
दर महिन्याला माझ्या पुढं असते.
रांगेबाहेर आम्ही एकमेकींना ओळखत नाही.
मी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.
बस, म्हटलं.
हत्तरगीपासून जुळवत आणलेलं वाक्य
ऐनवेळी अर्धंच निघालं:
तोंड तपासून घेतलंस का गं?

तिनं पदरानं गाल पुसला.