चेहरा सापडला नाही

सव्वासातला पडद्यावर बेचाळीस चौकोन.
यंदा शाळेला फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर
भुवया मोजतं, पापण्या मोजतं,
किती वेळ ओठ हलले नाहीत तेही,
आणि नावापुढे टिकली लावतं.
हिरवी, पिवळी, लाल.

लाल लागली ती प्रज्योत तांडेलला.
घाबरून फोन केला.
त्याची दाढ दुखत होती.

हेमांगी वैतीपुढे मात्र रोज करडी,
खाली बारीक अक्षरांत:
चेहरा सापडला नाही.
ट्रॉम्बे कोळीवाड्यातला पोटमाळा,
उजेड कमी असेल, मी म्हटलं.
अठरा दिवस तेच म्हटलं.

एकोणिसाव्या दिवशी हजेरीत
तिचं 'हजर' इतकं सपाट आलं
की मी नाव पुन्हा घेतलं.
"एकदा बोलले ना, बाई."

दुपारी नंबर फिरवला.
पलीकडे कुकरची शिट्टी. मग दुसरी.
मी गृहपाठाचं विचारलं नाही,
'बरी आहेस ना' तर ओठांवरूनच परत गिळलं.
फोन कानाला लावून
दोघी नुसत्या बसलो.

तिसऱ्या शिट्टीनंतर म्हणाली,
"दिवा आहे, बाई, डोक्यावरच.
मीच लावत नाही."