तिसरा हिस्सा

हेल्सबरीच्या कोर्टात वारसाचं दप्तर तळघरात आहे.
मी गेले होते आईच्या घराचा फॉर्म भरायला:
मयताची जंगम मालमत्ता, अंदाजे किमतीसह.
काउंटरवर पाटी, 'एक वाजता.'
चौतीस वर्षं शाळेची बस चालवली,
नुसतं बसून राहणं जमत नाही.
म्हणून सूचीचं जाड पुस्तक ओढलं.

पिंकहॅम सापडेना.
पिंकम पाहिलं, पिंगम पाहिलं,
मेल्याचं साल धरून पान न् पान पाहिलं.
मॅरिएट जेवून आली, बाहीला मोहरीचा डाग.
म्हणाली, "माणूस गेला की कोर्टाला कुठं कळतं?
भांडण लागलं की कळतं.
चार वर्षं पुढं बघ."

चार वर्षं पुढं होता.
एलिफलेट पिंकहॅम, बस्ता एकवीसशे सेहेचाळीस.
लोखंडी खणातून निघाले घडीचे कागद,
फितीचा रंग उडालेला,
गाठ मात्र जिनं किंवा ज्यानं मारली त्याची, तशीच.

आमच्यात सांगत आलेत
की म्हाताऱ्यानं मृत्युपत्र करून बायकोला घराबाहेर काढलं.
मृत्युपत्र नव्हतंच.
होती तीन शेजाऱ्यांनी शपथेवर केलेली यादी.
बैलजोडी, साठ डॉलर.
खोगीर, बायकी, जुनं, दोन.
कढई जुनी. रजई जुनी. चरखा, तोही जुना.
"सगळंच कसं जुनं?"
"शेजारी बरे होते," मॅरिएट म्हणाली,
"किंमत कमी लावली की विधवेला परत घेता येतं."

तिच्या नावाआधी एक शब्द होता.
मला वाटलं, पहिलं नाव असेल.
मॅरिएटनं चष्मा वर केला. "मागे उरलेली."
मेहिटेबल, मागे उरलेली,
हिला घराचा तिसरा हिस्सा, मरेपर्यंत:

पूर्वेची खोली.
माळा, धुराड्याच्या मध्यापासून मोजून अर्धा.
तळघरात बटाट्यांपुरती जागा.
जिन्यानं वर जाण्याचा हक्क.
विहिरीचं पाणी.
शनिवारी भट्टीत पाव भाजण्याचा हक्क
आणि त्यासाठी स्वयंपाकघरातून
जाण्यायेण्याचा.

मी नकाशा काढायला घेतला फॉर्मच्या पाठीवर.
रेषा काढता येईनात. भिंती नव्हत्याच तिथे,
मोजणाऱ्यांनी हवेवर खडू ओढला होता,
आणि त्या खडूच्या अलीकडे तिनं
एकोणतीस हिवाळे काढले.

शेवटचा कागद दोन वर्षांनंतरचा.
मुलगा जोथाम, त्यानं स्वयंपाकघराचं दार
खिळे ठोकून बंद केलं.
अर्जदार बाहेरून, बर्फातून, मळलेली कणीक
पदराखाली धरून भट्टीपर्यंत जाते
असं कुणीतरी सुबक अक्षरात लिहून दिलंय.
खाली तिची फुली.
एक दांडी दुसरीहून लांब, टोकाला शाई ओघळलेली.

हुकूम: दार उघडावे. खिळे जोथामने स्वतः काढावेत.
खर्च एक डॉलर बारा सेंट.

"मग? काढले?"
मॅरिएटनं बस्ता उलटा करून झटकला.
टेबलावर थोडी धूळ पडली, एक मेलेली माशी.
"एवढंच आहे."

माझा भाऊ लोवेल
गेल्या आठवड्यात आईच्या घराचं कुलूप बदलून आला.
पाइप गोठतील म्हणून, म्हणाला.
किल्ली पाठवतो म्हणाला.

फॉर्म भरला. फ्रीझर, जुना.
शिवणयंत्र, जुनं. बेकिंगचे पत्रे सहा, जुने.
मॅरिएटनं वाचलं, शिक्का मारला,
काही बोलली नाही.
चिल्लर मोजून घेतली, झेरॉक्सचे अडीच डॉलर:
फुलीचं पान मी दोनदा काढलं होतं.

पाच वाजून गेले होते.
"पुढचं दार लावलं असेल त्यांनी," ती म्हणाली,
"बॉयलरच्या खोलीतून जा.
तिथून वाट आहे."