काटा

जुन्या साखर गोदामात आता संग्रहालय होणार आहे.
पहिल्या मिलचा रोलर लाल रंग फासून दारात बसवलाय.
ताकारीच्या फाटकापर्यंत
ज्या भोंग्यावर शाळा भरायच्या, धारा निघायच्या,
त्याची साखळी ओढली तर नुसता गंज सांडतो.

मला वह्या लावायला बोलावलं,
काट्यावरच्या मगदूमांची मुलगी म्हणून.

आमचे दादा, बाळगोंडा मगदूम.
एकतीस हंगाम त्या लोखंडी फळीशेजारच्या खिडकीत.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
रात्रपाळीला उपाशीच बसायचा.
गाडी काट्यावर चढली की एकच वाक्य:
"उतरा. अंथरूणबी खाली घ्या."
वाढ्याची पेंढीसुद्धा काढायला लावत.
सख्ख्या मामाच्या उसालाही मोळीबांधणीची वजावट.
लोक मागं म्हणत,
मगदूम स्वतःची राखसुद्धा वजावट धरून मोजेल.

वही सत्तावीस. पौषातली रात्र.
गाडी ४१७. टोळी आश्रुबा मुकादम, तालुका पाटोदा.
वजन दोन टन एकशे ऐंशी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं ते "पाला ओला" यापलीकडे कधी गेले नाहीत,
मुंगीएवढ्या अक्षरात:
बाई गाडीतच बाळंत. मुलगी.
उतरवले नाही. वजा नाही.

म्हणजे त्या रात्री दोघी
उसाच्या भावानं मोजल्या गेल्या.
गाळपात धरल्या, साखरेच्या उताऱ्यात धरल्या.
कुणा बागायतदाराच्या बिलात पाचेक रुपये जास्त पडले,
त्याला कधी कळलेही नाहीत.

बाईचं नाव नाही.
विचारलं नसेल, की विचारून लिहिलं नसेल?
घरी तर ते काहीच बोलले नाहीत.
एवढंच आठवतं, एका थंडीत
आई दोन दिवस तुपाचा गडू शोधत होती
आणि दादा पेपर वाचत होते, उलटा नव्हे, सुलटाच,
पण पान उलटत नव्हते.

समितीवाले म्हणतात, पहिल्या मोळीचं पान उघडं ठेवा,
सह्या आहेत, हळदकुंकू लागलंय.
मी हो म्हटलं.
काच बसवायला सुतार आला तेव्हा
वही सत्तावीस आत होती.

खालच्या कार्डावर काय लिहावं, अजून सुचत नाही.
नुसतं वजन लिहीन म्हणते.
दोन टन एकशे ऐंशी,
सगळे धरून.